दक्षिण आफ्रिकेतली रूढी आणि एक ढकलपत्र

समान नागरी कायद्याची चर्चा तापली की व्हॉट्सअॅपवर एक ढकलपत्र हमखास फिरू लागतं. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: ‘दक्षिण आफ्रिकेने रूढीला कायद्याचा दर्जा दिला आणि देशाचं वाटोळं करून घेतलं. तिथे संविधान फक्त शहरापुरतं. खेड्यात टोळीप्रमुख म्हणेल तो कायदा. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, हजारो वर्षांत त्यात काडीचा बदल नाही. गुरं मोजून बायका विकत घेतात, मुलींना वारसा नाही, आणि न्यायालयं “त्यांची संस्कृती” म्हणून गप्प बसतात. भारताने धडा घ्यावा.’ खाली कुणाची सही नाही, सालाचा पत्ता नाही, एकाही खटल्याचं नाव नाही. तरी शिकलीसवरलेली माणसं ‘वाचा आणि विचार करा’ म्हणून ते पुढे सारतात.

समान नागरी कायदा हवा की नको, यावर मी इथे काही म्हणणार नाही. ज्यांना तो हवा त्यांच्याकडे चांगले मुद्दे आहेत, ज्यांना नको त्यांच्याकडेही आहेत. पण दाखला द्यायचा तर तो खरा असावा. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे किंवा साफ उलटं. एका वाक्यात मात्र तथ्य आहे. ते शेवटी घेतो.

‘संविधान फक्त शहरापुरतं’

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानाचं कलम २११, उपकलम ३ काढून वाचायला दोन मिनिटं लागतात. ते म्हणतं की जिथे रूढीचा कायदा लागू पडतो तिथे न्यायालयांनी तो लावलाच पाहिजे. मात्र संविधानाच्या आणि रूढीविषयी संसदेने केलेल्या खास कायद्यांच्या अधीन राहून. ढकलपत्र लिहिणाऱ्याने स्वल्पविरामापर्यंत वाचलं आणि फोन खाली ठेवला. कलम ३९ आणखी पुढे जातं: रूढीचा कायदा विकसित करताना प्रत्येक न्यायालयाने मूलभूत हक्कांचा आत्मा जपला पाहिजे. म्हणजे संविधान रूढीच्या डोक्यावर आहे, आणि शहर-खेडं असा भेद त्यात कुठेही नाही.

शिवाय रूढी हा तिथल्या कायद्याचा एकटा स्रोत नव्हे, अनेकांपैकी एक. संसदेचे कायदे आहेत. आणि रोमन-डच कायदा आहे, जो डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात केपमध्ये आणला आणि पुढे इंग्रजांनी त्यावर आपला मुलामा चढवला. गंमत अशी की हा रोमन-डच कायदाही कुठल्या एका संहितेत लिहिलेला नाही. करार, नुकसानभरपाई, मालकी यांवरच्या वादात तिथले वकील आजही ग्रोशियस, फूट अशा जुन्या डच पंडितांची मतं आणि शंभर वर्षांपूर्वीचे निकाल काढून दाखवतात. त्याला कुणी ‘टोळीचा कायदा’ म्हणत नाही.

वर्णभेदाच्या राजवटीत या दोहोंमध्ये सरळसरळ उतरंड होती. रूढी खालच्या पायरीवर, आणि ती ‘सुसंस्कृत’ नीतीला पटली तरच मान्य. २००३मध्ये संविधान न्यायालयाने, म्हणजे संविधानाच्या प्रश्नावर तिथल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, हे बदललं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी रूढीकडे रोमन-डच कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं जायचं, आता ती आपल्या कायद्याचाच अविभाज्य भाग मानायला हवी, आणि कुठल्याही कायद्याप्रमाणे तिचं बळही शेवटी संविधानातूनच येतं. हे ज्या खटल्यात म्हटलं गेलं तो ‘वाटोळं’ या शब्दावरचाच उतारा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

‘देशाचं वाटोळं’

देशाच्या पार वायव्य टोकाला, ऑरेंज नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, रिख्टर्सवेल्ड नावाचा रखरखीत प्रदेश आहे. इथे नामा लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरं-मेंढ्या चारत आले. १८४७मध्ये ब्रिटिशांनी हा भाग केप वसाहतीला जोडला. १९२०च्या दशकात तिथे हिरे सापडले आणि सरकारने लोकांना स्वतःच्याच चराईतून हटवलं. हिऱ्यांची खाण पुढे अॅलेक्सकॉर या सरकारी कंपनीकडे आली. १९९४च्या जमीन परतावा कायद्याखाली नामा लोकांनी दावा लावला. कंपनीची आणि सरकारची बाजू अशी की तुमच्याकडे कागद नाही, जे काही हक्क होते ते १८४७लाच संपले. आणि हिऱ्यांवर तर तुमचा हक्क कधी नव्हताच.

मग हक्क शोधायचा कुठे? रोमन-डच कायद्यात शोधला तर हाती काहीच लागत नाही. न्यायालयाने तो नामांच्या रूढीत शोधला. बाहेरच्या माणसाला तिथे गुरं चारायची तर समाजाची परवानगी लागायची, काही वेळा मोबदलाही द्यावा लागायचा. एकोणिसाव्या शतकात बाहेरच्यांना खनिजं शोधायला परवाने दिल्याचे पुरावे निघाले. जो दुसऱ्याला खणायची परवानगी देतो, तो खालच्या खनिजाचाही मालक, असा निष्कर्ष निघाला. १४ ऑक्टोबर २००३ रोजी संविधान न्यायालयाने ठरवलं की जमीन समाजाच्या सामाईक मालकीची होती, खनिजांसकट, आणि राज्य बदललं म्हणून खासगी मालकी आपोआप बुडत नाही. २००७मध्ये सरकारला समाजाशी तडजोड करावी लागली. रूढीला कायद्याचं स्थान नसतं तर हा दावा पहिल्याच तारखेला निकालात निघाला असता.

‘हा कायदा कुठे लिहिलेला नाही’

नाही, सगळा लिहिलेला नाही. मग?

आपल्याकडचंच पाहू. मुंबई इलाख्याच्या १८२७च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांसाठी क्रम लावून दिला होता: आधी सरकारी कायदा, तो नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्‌विवेक. भारतीय संविधानाचं तेरावं कलम ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि परिपाठ धरतं. आणि १९५५चा हिंदू विवाह कायदा? त्यानुसार बहीण-भावाची मुलं ही निषिद्ध नात्यात येतात. तरी आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी होणारी लग्नं बेकायदा ठरत नाहीत, कारण त्याच कायद्याने ‘रूढी परवानगी देत असेल तर’ अशी वाट ठेवली आहे. म्हणजे हे ढकलपत्र पुढे सारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांचं लग्न अलिखित कायद्यावर उभं आहे.

अलिखित असणं आणि अनिश्चित असणं एक नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १९८८पासून पुराव्याच्या कायद्यातच तरतूद आहे: रूढीचा नियम सहज आणि पुरेशा खात्रीने कळण्याजोगा असेल तर न्यायालय स्वतः त्याची दखल घेऊ शकतं. नसेल तर पुरावा द्या. म्हणजे जाणत्या माणसांच्या साक्षी, प्रतिज्ञापत्रं, अभ्यासकांची मतं, जुने निकाल. आणि समोरच्याला उलटतपासणीचा हक्क. हे काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, आणि खेड्यातल्या गरीब बाईला न परवडणारं आहे. टीका करायची तर ही करा. ‘लिहिलेलं नाही’ ही टीका नव्हे.

‘हजारो वर्षांत काडीचा बदल नाही’

या वाक्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे ढकलपत्राने चोराला सोडून संन्याशाला धरलं आहे. रूढी ताठर झाली हे खरं. पण ती ताठर केली कुणी?

नातालच्या इंग्रज वसाहतीत थिओफिलस शेपस्टन हा अधिकारी १८४५पासून तीस वर्षं स्थानिकांचा कारभार पाहत होता. त्याची युक्ती सोपी होती: टोळीप्रमुखांना हाताशी धरायचं आणि रूढीच्या नावाने राज्य चालवायचं. १८६९च्या विवाह नियमांनी सामान्य माणसासाठी लोबोला, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायची गुरं, दहावर ठरवून टाकली. जी गोष्ट दोन घरांच्या बैठकीत ठरायची तिला सरकारी दर लागला. १८७८मध्ये ‘स्थानिकांच्या कायद्याची’ संहिता निघाली, १८९१मध्ये तिला कायद्याचं बळ मिळालं. त्या संहितेत गोरा गव्हर्नर हाच सर्व स्थानिकांचा ‘सर्वोच्च प्रमुख’ होता आणि बाई, काही अपवाद सोडले तर, कायद्याने जन्मभर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होती: आधी बापाच्या ताब्यात, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. झुलू माणसांनी हे सांगितलं तेव्हा ऐकणारे पुरुष, सांगणारे पुरुष, लिहिणारे व्हिक्टोरियन इंग्रज पुरुष. (एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातीजातींच्या रूढी टिपून घेतल्या तेव्हाही पंचांना विचारलं गेलं, त्यांच्या घरच्या बायकांना नाही.) १९२७च्या काळ्यांच्या प्रशासनाच्या कायद्याने हीच घडी देशभर बसवली. तिकडचे कायद्याचे अभ्यासक म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या धरतात: ‘सरकारी रूढी’, म्हणजे संहितांत गोठलेली, आणि ‘जिवंत रूढी’, म्हणजे लोक आज प्रत्यक्षात जे पाळतात ती.

वारशाचं उदाहरण घ्या. जुन्या रूढीत थोरला मुलगा बापाच्या जागी उभा राहायचा. गुरं त्याच्याकडे, पण त्याबरोबर विधवा आई, बहिणी, धाकटे भाऊ यांना पोसण्याची जबाबदारीही त्याचीच. सरकारी संहितेत आणि मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत यातला हक्क तेवढा उरला, जबाबदारी गळाली. परिणाम २००२मध्ये केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत दिसला. सुतारकाम करणारा एक माणूस वारला. मागे त्याच्याबरोबर राहणारी, घरकाम करणारी बाई, दोन लहान मुली, आणि एक भूखंड, ज्यावर ते तात्पुरत्या झोपडीत राहत होते. मुली वारस होऊ शकत नाहीत म्हणून पूर्व केपमध्ये राहणाऱ्या आजोबाला वारस नेमलं गेलं. आजोबांनी सांगितलं: अंत्यविधीचा खर्च भागवायला मी ही जागा विकणार.

ही नेमणूक कुणा टोळीप्रमुखाने केलेली नव्हती. ती १९२७च्या कायद्याच्या कलम २३खाली, मॅजिस्ट्रेटच्या कार्यालयातून झाली होती. १५ ऑक्टोबर २००४ रोजी संविधान न्यायालयाने ते कलम आणि ज्येष्ठ पुरुषालाच वारस धरण्याचा नियम, दोन्ही रद्द केले. त्या मुली वारस ठरल्या. न्यायमूर्ती लांगा यांच्या बहुमताच्या निकालावर रूढीच्या अभ्यासकांनी टीकाही बरीच केली: रूढी सुधारण्याऐवजी तिच्या जागी सर्वसाधारण वारसा कायदा आणून बसवला. न्यायमूर्ती एन्कोबो यांचं वेगळं मत होतं की नियम उडवू नका, तो वाढवा, थोरल्या मुलीलाही वारस होता येईल असा करा. मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण डोक्यावरचं छप्पर विकलं जाण्याच्या बेतात असताना न्यायालयाने जवळची वाट धरली, याला नाव ठेवणं कठीण आहे.

आता दुसरं उदाहरण. लिंपोपो प्रांतात त्सोंगा भाषा बोलणारा वालोयी समाज आहे. त्यांच्या प्रमुखाला ‘होसी’ म्हणतात. १९६८मध्ये होसी फोफोझा न्वामित्वा वारले. मुलगा नव्हता, थोरली मुलगी होती, फिलिया. रिवाजाप्रमाणे गादी भावाकडे, रिचर्डकडे गेली. १९९६च्या डिसेंबरात, रिचर्ड होसी असतानाच, राजघराण्याची बैठक बसली आणि एकमताने ठरलं की गादी फिलियाकडे परत जावी. ठरावातलं कारण वाचण्यासारखं आहे: पूर्वी वालोयींमध्ये मुलीला वारस होता येत नव्हतं, पण आता लोकशाही आणि नवं संविधान आलं, मुलगी मुलाच्या बरोबरीची, म्हणून ती वारस होऊ शकते. रिचर्ड २००१मध्ये गेल्यावर त्यांचा मुलगा सिडवेल न्यायालयात गेला.

आणि उच्च न्यायालयाने, मग सर्वोच्च अपील न्यायालयानेही, सिडवेलच्या बाजूने कौल दिला. कारण? रूढी म्हणजे पूर्वीपासून चालत आलेलं, आणि पूर्वीपासून बाई होसी झालेली नाही. खेड्यातले वडीलधारे ‘बदललं’ म्हणत होते आणि शहरातले न्यायाधीश ‘बदलता येत नाही’ म्हणत होते! ४ जून २००८ रोजी संविधान न्यायालयाने हा उलटा कारभार सुलटा केला. जुना परिपाठ पाहायचा, पण समाज आज काय करतो तेही पाहायचं, आणि स्वतःची रूढी बदलण्याचा अधिकार त्या समाजाच्या मान्य संस्थांना आहे. फिलिया शिलुबाना होसी झाल्या. ‘फार काळ, अखंड, एकसारखी पाळलेली’ ही सर्वसाधारण कायद्यातली पोकळी भरणाऱ्या वहिवाटीसाठी असलेली जुनी कसोटी अशा रूढीला लावता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. आपल्या हिंदू विवाह कायद्यात रूढीची व्याख्या अजून जवळजवळ तीच आहे, हा जाताजाता नोंदवण्याजोगा फरक.

‘गुरं मोजून बायका विकत घेतात’

आपल्याकडे अनेक आदिवासी समाजांत देज द्यायची पद्धत आहे. ते समाज मुली विकतात असं म्हणायची कुणाची हिंमत होते का? होते, पण ते म्हणणारे बहुधा स्वतः हुंडा घेऊन बसलेले असतात.

१९९८चा रूढीविवाह मान्यता कायदा १५ नोव्हेंबर २०००पासून लागू आहे. त्यात वैध लग्नाच्या अटी अशा: दोघं १८ वर्षांवरची, दोघांची संमती, आणि लग्नाची बोलणी व लग्न रूढीप्रमाणे झालेलं. बायकोचा दर्जा आणि मिळकतीचे अधिकार नवऱ्याच्या बरोबरीचे. घटस्फोट फक्त न्यायालयातून. नोंदणी केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही. लोबोलाच्या नावाखाली अडवणूक होते, शहरात रकमा फुगल्या, तरुण कर्ज काढतात, हे सगळं खरं. पण ती दोन घरांमधली बोलणी असतात: मध्यस्थ जातात, पत्र लिहिलं जातं, सह्या होतात, हप्ते ठरतात.

हेच पत्र एका विधवेच्या कामी आलं. एचएचपी या नावाने गाजलेला रॅप गायक जाबुलानी त्साम्बो २०१८च्या ऑक्टोबरात गेला. त्याच्या वडिलांनी सांगितलं की लेराटो सेंगाडी ही त्याची बायको नव्हेच, कारण वधूला वाजतगाजत सासरी सोपवण्याचा विधी झाला नव्हता. पुराव्यात आलं ते असं: २०१६च्या फेब्रुवारीत मुलीच्या घरी बोलणी झाली, लोबोलाच्या करारावर सह्या झाल्या, आणि मग मुलाकडच्या आत्यांनी तिला आत नेऊन नवऱ्याच्या पोशाखाला जुळणारा लग्नाचा पोशाख घातला, घरात स्वागत केलं. सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२०मध्ये निकाल दिला: सोपवण्याचा विधी महत्त्वाचा, पण तो नसेल तर लग्नच नाही असं नाही, लोक आता तो अनेक तऱ्हांनी करतात. ती बायको ठरली. बाई ‘विकत घेण्याच्या’ कायद्यात हे कसं बसतं ते ढकलपत्रवाल्यांनी सांगावं.

‘न्यायालयं गप्प बसतात’

वरचं सगळं वाचून झाल्यावर याला उत्तर द्यायची गरज नाही. तरी एक खटला सांगतो, कारण त्यात न्यायालयाने केलेलं काम फार थोडी न्यायालयं करतात.

त्सोंगा रूढीने लग्न झालेला एक माणूस वारला. दोन बायका पुढे आल्या. दुसरीचं म्हणणं, माझंही रूढीने लग्न झालंय. पहिली म्हणाली, मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. प्रश्न असा की दुसऱ्या लग्नाला पहिलीची संमती त्सोंगा रूढीत लागते का? संविधान न्यायालयापुढे याचा पुरेसा पुरावा नव्हता. न्यायाधीशांनी अंदाज बांधला नाही, पुरावा मागवला. अशा लग्नांत राहणाऱ्या माणसांची, पारंपरिक प्रमुखांची, जाणकारांची प्रतिज्ञापत्रं आली. ती एकमेकांशी पुरती जुळत नव्हती: कुणी म्हणे संमती हवीच, कुणी म्हणे कळवलं तरी पुरे, कुणी सांगे की ती नाहीच म्हणाली तर घरच्यांनी समजूत घालायची. ३० मे २०१३च्या निकालाने या विसंगतीला खोटेपणा मानलं नाही. जिवंत कायदा असाच दिसतो असं धरून, सगळ्यांतला समान धागा घेतला आणि उरलेलं अंतर संविधानातल्या समतेने भरून काढलं. यापुढे पहिल्या बायकोची संमती आवश्यक. त्या प्रकरणातलं दुसरं लग्न रद्द.

ढकलपत्राने ‘आफ्रिका’ एकच देश समजून शेजारचं काहीतरी इथे डकवलं असण्याची शक्यता आहे. १९९९मध्ये झिम्बाब्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने खरोखरच रूढीच्या नावाखाली थोरल्या मुलीला डावलून धाकट्या मुलाला वारस धरलं होतं. तिथल्या जुन्या संविधानाने रूढीला समतेच्या कलमातून सूट दिली होती, म्हणून. २०१३च्या नव्या संविधानात तिथेही चित्र पालटलं.

रूढीला कायदा न मानण्याची किंमत काय असते हे दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना चांगलं ठाऊक आहे. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी मुसलमानी पद्धतीने झालेलं लग्न मान्य करायला नकार दिला. त्या तर्काने हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांच्या बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. कस्तुरबा सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या त्या त्याच वर्षी. आजच्या कायद्यातही ‘रूढीविवाह’ म्हणजे फक्त मूळच्या आफ्रिकी समाजांचा. केपटाऊनमधल्या कोकणी मुसलमानांना, ज्यांचे आजे-पणजे रत्नागिरी-रायगडच्या गावांतून गेले, मुसलमानी विवाहाला घटस्फोटाच्या कायद्याचं संरक्षण मिळण्यासाठी २०२२च्या जूनमधल्या संविधान न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

‘टोळीप्रमुख म्हणेल तो कायदा’

हेच ते तथ्य असलेलं वाक्य. पण तेही जसं लिहिलंय तसं खरं नाही.

अबाथेम्बूंचे राजे बुयेलेखाया डालिन्द्येबो यांनी आपल्या प्रजेतल्या लोकांची घरं जाळली, एका बाईला मुलांसकट डांबून ठेवलं, तरुणांना मारहाण केली. बचाव असा की मी राजा आहे, रूढीने मला हा अधिकार आहे. २०१५मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फेटाळला. एका आरोपातून सोडल्याने पंधराची शिक्षा बारा वर्षांवर आली, एवढंच. वर्ष संपता संपता नेल्सन मंडेलांच्याच घराण्यातला हा राजा तुरुंगात गेला. झुलूत म्हण आहे, ‘इन्कोसी यिन्कोसी न्गाबान्तू’: राजा राजा असतो तो लोकांमुळे.

मग तथ्य कशात? जमिनीत. क्वाझुलू-नातालमध्ये सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टकडे आहे आणि तिचे एकमेव विश्वस्त झुलू राजे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरात राहणाऱ्यांकडून ट्रस्टने भाडेकरार सह्या करून घ्यायला सुरुवात केली. मालकाचा भाडेकरू झाला. २०२१मध्ये पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने ते करार बेकायदा ठरवले. कशाच्या आधारावर? रूढीच्या. रूढीप्रमाणे ही माणसंच जमिनीची खरी हक्कदार होती.

पूर्व केपच्या किनाऱ्यावरच्या खोलोबेनीत टायटॅनियमच्या खाणीला विरोध करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सिखोसिफी राडेबे यांना २२ मार्च २०१६ रोजी घरापुढे गोळ्या घालून मारलं. दोन वर्षांनी उच्च न्यायालयाने सांगितलं की खाणीचा परवाना द्यायचा तर त्या समाजाची, त्यांच्या रूढीप्रमाणे घेतलेली, पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती हवी. नुसतं विचारल्यासारखं करून भागणार नाही.

या लोकांच्या विरोधात उभे राहणारे प्रमुख रूढीतून ताकद घेतात असं नाही. ते ती संसदेकडून घेतात. १९५१च्या बंटू ऑथॉरिटीज कायद्याने वर्णभेदी सरकारने नेमलेल्या टोळी-सत्ता आणि आखलेल्या हद्दी २००३च्या पारंपरिक नेतृत्वाच्या कायद्याने ‘पारंपरिक परिषदा’ म्हणून तशाच चालू ठेवल्या. हा कायदा वर्णभेदी सरकारचा नव्हे, लोकशाही सरकारचा. त्याच्या जागी आलेला २०१९चा कायदा संविधान न्यायालयाने २०२३च्या मे महिन्यात अवैध ठरवला. कारण त्यातल्या तरतुदी हे नव्हतं. तो करताना खेड्यातल्या लोकांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नाही, एवढंच कारण पुरलं. दुरुस्तीसाठी संसदेला चोवीस महिने दिले गेले.